त्या गाऱ्हाण्यात माझाही आवाज होता

माझं अक्षर वाकडंतिकडं आहे आणि वेलांट्या मला कधीच जमल्या नाहीत. चौथीनंतर शाळा सुटली. हे कुणाला दाखवायला लिहीत नाही, पण चुकून कुणाच्या हाती पडलंच तर तेवढं पोटात घालावं. लिहायचं आहे ते आमच्या कॉलेजच्या गेटवरच्या हवालदारांबद्दल.

हवालदार कुणालाच नावाने हाक मारत नसत. गावाच्या नावाने मारत. "काय गो खारेपाटण, आज यष्टी चुकली?" "ए देवगड, शर्टाची बटनां लाव, हय काय समुद्रावरचो वारो नाय." आमचं कॉलेज हायवेच्या कडेला. एकदा मुलांच्या दोन टोळक्यांत मारामारी झाली, तेव्हापासून पोलीस ठाण्याने एक माणूस गेटवर कायमचा ठेवला. तो माणूस म्हणजे हे. मूळचे इन्सुलीचे. धीट मुलं कधी उलट विचारायची, "काय इन्सुली, जेवलास?" मग ते खोटं खोटं रागवायचे, "अरे, माझी बायलसुद्धा माका असा इचारणा नाय!"

मी तिथल्या कँटीनमध्ये चहा करते आणि भांडी घासते. माझ्या गावावरून मी त्यांची 'कातळगाव'. मला माणसांसमोर उभं राहायला पहिल्यापासून भीती वाटते. त्यांचा चहा मी दाराआडून हात लांब करून कट्ट्यावर ठेवायची आणि मागे सरायची. एक दिवस ते म्हणाले, "कातळगाव, माका रोज हात दिसता, बाई दिसणा नाय. हातच एकटो कामाक येता काय गो?" मी आत जाऊन पदराने तोंड दाबून हसले. दुसऱ्या दिवशी दारात उभी राहून चहा दिला. एवढंच, पण मला ती मोठी गोष्ट होती.

चहाचे पैसे ते रोज देत. आमचा मालक नको म्हणायचा, तर म्हणत, "पोलिसाक फुकट पाजशीत तर उद्या मी बिस्कुटा मागान, परवा भजी."

गॅदरिंगच्या दिवशी त्यांचं खरं काम असे. गेटवर उभे राहून ज्या मुलाचा संशय येईल त्याला जवळ बोलवत आणि म्हणत, "हाऽऽ कर." तोंडाला दारूचा वास आला तर पकडून नेत नसत. फणसाखाली बाकड्यावर बसवत आणि मला हाक मारत, "कातळगाव, एक कोकम सरबत, साखर कमी." मुलाला सांगत, "ऊन उतरला की घराक जा. बापाशीक सांगणंय नाय. पण उद्या सकाळी येऊन माका तोंड दाखव." मुलं येतही, दुसऱ्या दिवशी, खाली मान घालून. स्वतः हवालदार दारूच्या थेंबाला शिवत नसत. त्यांचे वडील दारूने गेले होते, हे त्यांनी एकदाच सांगितलं, तेही त्या बाकड्यावर बसून ओकणाऱ्या एका पोराची पाठ चोळताना.

मागच्या वर्षीच्या आदल्या वर्षी, गॅदरिंगच्याच दिवशी, ते गेले. दुपार कलली होती. सगळे मांडवात होते आणि गाणी मोठ्याने लागली होती. मी गेटजवळच्या नळावर टोप घासत होते. एक गाडी आली. चालवणारा आमच्या गावच्या देवळातल्या मानकऱ्यांचा मुलगा, तीन वर्षांपूर्वी याच कॉलेजातून बाहेर पडलेला. सोबत दोन मित्र. हवालदारांनी त्याला खाली उतरवून हाऽऽ करायला लावलं. मग म्हणाले, "कातळगाव, चावी दी. गाडी सकाळी ने." ती हाक माझीही होती, म्हणून मी मान वर केली. मित्र हसले. त्याचं तोंड लाल झालं. तो परत गाडीत बसला आणि गाडी मागे घेतली. मला वाटलं, चालला. हवालदारांनाही तसंच वाटलं असावं, ते गेट लावायला वळले. तेव्हा गाडी सरळ त्यांच्यावर आली.

गाडी मागे गेली आणि मग पुढे आली. हे फक्त मी पाहिलं. गेटवरचा कॅमेरा बंद होता. मुलगा आणि त्याचे मित्र म्हणाले, हवालदारच झोक जाऊन गाडीपुढे आले, ते प्यालेले होते. ठाण्याचे साहेब आले, त्यांनी मलाही विचारलं, "बाई, तुम्ही काही पाहिलंत?" मी खाली बघून म्हणाले, "मी भांडी घाशी होतंय." ते खोटं नव्हतं. म्हणूनच मला ते इतक्या पटकन सुचलं.

घरी नवऱ्याला सांगितलं. तो जेवणाचं ताट बाजूला सारून म्हणाला, "आपणाक गावात रवाचा आसा. त्येंच्या दारासून आपली वाट जाता." मग आम्ही दोघंही त्यावर बोललो नाही. पण आमच्या गावात हवालदार रोज मरत होते. चक्कीवर, दुकानात, यष्टीत. "पोलीसच तो, पिऊनच आसतलो." शवविच्छेदनात दारू नव्हती असं म्हणत होते, पण कागद कोण वाचतो. मी पिशवी मांडीवर घेऊन ऐकत बसायची. माझ्या गावाचं नाव कुणी घेतलं की लाज वाटायची, आणि ते नाव एके काळी माझी हाक होती.

मुलगा जामिनावर सुटला तेव्हा त्याच्या वडिलांनी देवळात गाऱ्हाणं घातलं. आमच्याकडे काहीही अडलं की देवाला गाऱ्हाणं घालतात. एकजण मोठ्याने देवाला मागणं सांगतो आणि प्रत्येक मागण्यापुढे सगळा गाव 'व्हय महाराजा' म्हणतो. त्या दिवशी सगळा गाव होता, बायकांच्या रांगेत मीही होते. गुरव म्हणाला, "बा देवा महाराजा, आज जो काय तुझो ह्यो लेकरू कोर्टाच्या फेऱ्यात सापाडलो आसा, त्येचो काय एक गुन्हो नाय, त्येका सुखरूप सोडव रे महाराजा!"

"व्हय महाराजा!"

सगळ्यांचा आवाज उठला आणि त्यात माझा होता. कुणी माझ्या पाठीत ढोसलं नव्हतं. लहानपणापासून तोंडाला सवय आहे, गुरव थांबला की तोंड उघडतं. पण मी तो आवाज माझ्या कानांनी ऐकला.

पावसाळा संपल्यावर हवालदारांची बायको कॉलेजात आली, सोबत शाळेतली मुलगी. गेटवर उभी राहिली, मग कँटीनमध्ये येऊन मला म्हणाली, "तूच काय गो ती कातळगाव? घराक येऊन तुझी नकल करीत. दारासून हात भायर काढून." तिने हात लांब करून दाखवला आणि मुलगी हसली. मग तिने विचारलं, "शेवटाक काय बोलले काय?"

मी तिला बाकड्यावर बसवलं आणि सगळं सांगितलं. गाडी मागे गेल्याचं सांगताना तिने माझं मनगट पकडलं. ती म्हणाली, "ह्या सगळा कोर्टात सांगशीत?" मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. तिने विनवणी केली नाही. फक्त मनगट सोडलं आणि उठली. ते सोडणंच मला सोसलं नाही. मी तशीच, ओल्या हातांनी, तिच्यासोबत पोलीस ठाण्यात गेले.

त्यानंतर आमच्या घराशी गावाने बोलणं टाकलं. नवऱ्याने मला एक शब्द लावला नाही, पण साक्षीच्या दिवशी मला ओरसला जिल्हा कोर्टात नेऊन सोडलं आणि बाहेर झाडाखाली पाठ करून उभा राहिला.

मुलाच्या वकिलाने फार गोड आवाजात विचारलं, "तुमच्या देवळात आरोपीसाठी गाऱ्हाणं झालं, तेव्हा तुम्ही हजर होता ना?"

"व्हय."

"आरोपीने गुन्हा केलेला नाही, त्याला सोडव, असं गाऱ्हाणं होतं. त्यावर तुम्ही 'व्हय महाराजा' म्हणालात की नाही?"

पाठीमागे आमच्या गावची माणसं बसली होती. त्यांच्यातल्याच कुणीतरी सांगितलं असणार. मी म्हणाले, "म्हटलंय."

"मग बाई, देवासमोर खोटं बोललात की इथे?"

वाटलं, आपण नळाच्या मागे कुठेतरी जाऊन बसावं. पण मागे जायला जागा नव्हती. "देवासमोर खोटा बोल्लंय," मी म्हणाले. "त्येचो दंड तो काय तो माका देतलो. हयसर मी खोटा बोलूचंय नाय. गाडी पाठी गेली, आणि मगे त्येंच्यावर इली."

न्यायाधीशबाईंनी ते शुद्ध भाषेत लिहून घ्यायला सांगितलं. वकील खाली बसला.

मुलाला शिक्षा झाली. निकालात लिहिलं होतं की हवालदार प्यालेले नव्हते, ते आपलं काम करत होते. कॉलेजने मला शाल द्यायचं ठरवलं, मी त्या दिवशी कामावर गेले नाही. लोक मला धीट म्हणतात तेव्हा मला ते गाऱ्हाणं ऐकू येतं.

निकालाच्या दिवशी हवालदारांची बायको आणि मी स्टँडवर बसलो होतो. तिने मला चहा आणून दिला. माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "तू सांगितलंस म्हणान माझ्या घराची अब्रू रवली. ह्या मी इसरूचंय नाय. पण त्याच दिशी सांगितलं असतंस, तर इतके महिने ह्येंका कोणी दारुडो म्हटला नसता गो. माझा ह्या चेडू शाळेतसून रडत येय."

मी म्हणाले, "व्हय, वैनी."

तिची गाडी लागली. तिने मुलीला आधी चढवलं, मग ती चढली. मी रिकामा पेला हातात धरून गाडी वळेपर्यंत उभी होते. खिडकीतून मुलीने हात केला. तिच्या आईने केला नाही.