गुरुबसप्पाची लांब पल्ल्याची लेन्स

सोलापुरात फोटोग्राफर पुष्कळ होते, पण घरात कुणी गेलं की बोलावणं गुरुबसप्पालाच यायचं. लिंगायतांत गेलेल्या माणसाला भिंतीला टेकवून बसवतात. कपाळाला विभूती, अंगावर शाल, गळ्यात हार, आणि पुरायला नेण्याआधी एक फोटो. या कामात गुरुबसप्पाचा हात असा बसला, की लोक जिवंतपणी त्याच्या स्टुडिओत पाऊल टाकायला कचरू लागले. धंदा वाईट नव्हता, पण माणसाला एकटं पाडणारा होता.

घरातही तेच. एकदा त्यानं हौसेनं वडिलांना स्टुडिओत नेऊन खुर्चीवर बसवलं, झकास फोटो काढला, आणि पंधरवड्यात म्हातारा छातीत कळ येऊन गेला. तेव्हापासून आई अक्कम्मानं घरात कॅमेरा उघडू दिला नाही. ‘तुज्या फोटोत बसलेला मानूस उठत न्हाय,’ ती म्हणायची. आईचं हे बोलणं त्याला लागायचं. आणि खोटं कशाला सांगा, थोडंसं पटायचंही.

धाकटा भाऊ सिद्धाराम गॅरेजात मिस्त्री होता. चोवीस वर्षांचा झाला तरी त्याचा एक फोटो घरात नव्हता. शाळेत वर्गाचा फोटो निघाला त्या दिवशी हा शाळा बुडवून कुणाची तरी राजदूत मोटारसायकल उघडून बसला होता. दुसऱ्याच्या स्टुडिओत पाठवावं, तर फोटोवाल्याचा भाऊ फोटो काढायला दुसरीकडं गेला म्हणून गावभर शोभा. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. गुरुबसप्पाला मात्र हे डाचत होतं. जिवंतपणीचा फोटो नसलेल्या घरांची रड त्यानं पुष्कळदा ऐकली होती.

सत्त्याहत्तर साली संक्रांतीची गड्ड्याची जत्रा उठल्यावर गावातल्या मिस्त्र्यांनी शहराबाहेरच्या माळावर मोटारसायकलींची शर्यत ठरवली. सिद्धारामनं नाव दिलं. गुरुबसप्पानं मनाशी पक्कं केलं, हीच वेळ. पळत्या माणसाचा फोटो काही बसलेल्याचा फोटो नव्हे. लांबून काढला, तर आईला कळणार नाही आणि तिच्या त्या बोलण्याची बाधाही होणार नाही. फक्त तोंड ओळखू आलं पाहिजे. सिद्धू म्हणून ओळखू आलं पाहिजे.

त्याच्याकडची लेन्स होती खुर्चीवर बसलेल्या माणसापुरती. म्हणून तो पुण्याला गेला. कॅम्पातल्या दुकानदारानं काउंटरवर तीन लेन्सा मांडल्या.

“काय काढायचंय?” त्यानं विचारलं.

“मोटारसायकल,” गुरुबसप्पा म्हणाला, आणि मग चुकल्यासारखा, “म्हणजे, तिच्यावरचा मानूस.”

पहिली लेन्स एकशे पस्तीसची. उजेड भरपूर घेणारी, पण एकाच पल्ल्याची; गाडी लांबून येणार, डोळ्यांसमोरून जाणार, त्यात तोंड चौकटीत नेमकं बसायचं ते एकाच क्षणी. तो क्षण हुकला की संपलं. दुसरी झूम. नळी ओढली की लांबचं जवळ यायचं, पण काचेतून उजेडच कमी शिरायचा. शर्यतीची शेवटची फेरी उन्हं उतरल्यावर. तेवढ्या उजेडात शटर सावकाश ठेवावं लागणार आणि सिद्धूच्या तोंडाचा धूर होणार. तिसरी नुकतीच परदेशातून आलेली. तीही झूमच, पण तोंडाला एवढी रुंद की संध्याकाळचाही उजेड ओढून घेईल. वजनाला वरवंटा.

गुरुबसप्पा दिवसभर दुकानाच्या दारात उभा राहिला. एकेक लेन्स कॅमेऱ्याला लावायचा आणि रस्त्यावरच्या सायकलवाल्यांची तोंडं धरायचा. नळी पुढं ओढत, कडी फिरवत, धार आली की सोडून पुन्हा नवा माणूस. ऊन कलल्यावर दुसऱ्या लेन्समधली तोंडं मळकट झाली. तिसरीतून मात्र एका म्हाताऱ्याच्या पापण्यांचे केस दिसले. दुकानदार कंटाळून म्हणाला, “अहो, लग्नासाठी मुलगी बघताना एवढं बघत नाही कुणी.”

“मुलगी आपल्याला बघून घेते की,” गुरुबसप्पा म्हणाला. “ह्याला मीच बघायला पायजे.”

फोटो मोठे करायचा घरचा दुसरा एनलार्जर देऊन त्यानं ती वरवंटा लेन्स आणली. आईला सांगितलं, कंपनीची वस्तू आहे, दुरुस्तीला आलीय.

शर्यतीच्या दिवशी तो वळणापासून चांगला लांब, एका बाभळीच्या खोडाला कोपर टेकवून उभा राहिला. जागा, उजेड, गाडी वळताना कुठं हळू होईल, सगळं त्यानं आदल्या दिवशी येऊन बघून ठेवलं होतं. सिद्धाराम आला तेव्हा सूर्य टेकला होता. गुरुबसप्पानं नळी ओढली, कडी फिरवली, आणि भाऊ चौकटीत आला तो एवढा जवळ, की हात लावावा. त्यानं शटर दाबलं. पुन्हा दाबलं. सिद्धाराम तिसरा आला आणि अंगभर मुरमाची धूळ घेऊन हसत ओरडला, “अण्णा, तू हितं कुटं रं?”

रात्री रोल धुतला. निगेटिव्ह अशा उतरल्या होत्या की त्यानं आयुष्यात तशा काढल्या नव्हत्या. दातांत अडकलेली माती दिसत होती. शर्टाचं तुटलेलं बटण दिसत होतं. आणि डोळ्यांवर, धुळीसाठी बांधलेला, रुंद काळ्या काचेचा गॉगल.

उजेडाचा विचार केला, पल्ल्याचा केला, वजनाचा केला. माळावर धूळ उडते, एवढंच ध्यानात यायचं राहिलं. गुरुबसप्पा कपाळावर हात मारून हसला. पुढच्या वर्षी गॉगल काढून एक फेरी मारायला लावू, तो मनात म्हणाला.

पुढचं वर्ष आलंच नाही. फाल्गुनात सिद्धाराम गिऱ्हाइकाची गाडी पळवून बघायला मोहोळच्या रस्त्याला गेला आणि दिवेलागणीला, मागं दिवा नसलेल्या उसाच्या ट्रॉलीवर आदळला. तोंडावर ओरखडासुद्धा नव्हता.

भिंतीला टेकवून बसवला तेव्हा कुणीतरी गुरुबसप्पाच्या हातात कॅमेरा आणून दिला. दुसऱ्या कुणाला बोलवा, असं म्हणावं, तर गावात हे काम त्याच्याशिवाय होतं कुणाचं? त्यानं फोटो काढला. अक्कम्मा नुसती बघत राहिली, आणि त्याला वाटलं, बोलली असती तर बरं झालं असतं.

तेरावा दिवस झाल्यावर तिनं फोटो मागितला. “डोळं उगडं कर. मिटलेला नको मला.”

हे काम गुरुबसप्पाच्या हातचं होतं. गेलेल्यांचे डोळे तो बारीक कुंचल्यानं शाईत उघडून द्यायचा. घरच्यांकडून जुना फोटो मागून घ्यायचा, त्यात बघून बुबुळ ठेवायचा. आता मागायचा कुणाकडं? शर्यतीच्या निगेटिव्ह त्यानं पुन्हा पुन्हा एनलार्जरखाली धरल्या. माती, दात, बटण आणि दोन काळ्या काचा. चोवीस वर्षं ज्याला समोर बघितलं, त्याची डावी पापणी थोडी झुकायची की उजवी, हे त्याला आठवेना. हसताना डोळे बारीक व्हायचे का? तो डोकं भिंतीला टेकवून रडला. गावाच्या डोळ्यांचा एवढा अभ्यास केला आणि भावाकडं नीट बघायला सवड झाली नाही, हे त्याला तेव्हा कळलं.

शेवटी त्यानं आरसा समोर ठेवला. लोक म्हणायचेच, दोघं एका साच्यातले. आरशात बघत, कुंचला टेकवत, त्यानं सिद्धारामला डोळे काढले. काम सुरेख झालं.

अक्कम्मानं फोटो दोन्ही हातांत घेतला, उजेडाकडं धरला.

“गुरबसू,” ती म्हणाली, “हे डोळं तुजं हायती की रं.”

तो शाईची बोटं शर्टाला पुसत राहिला.

“माज्या सिद्दूचं कुटं गेलं?”

फोटो भिंतीवर लागला, हारही चढला. रोज सकाळी अक्कम्मा विभूती लावायला त्याच्यापुढं उभी राहायची, तळहातानं फोटोतले डोळे झाकायची आणि उरलेल्या तोंडाकडं बघत राहायची.