लाल ठिपक्यातली मेथी

मातीचे नमुने गोळा करत फिरणाऱ्या जीपमध्ये मातीपेक्षा किस्सेच जास्त साठतात. माती निदान पिशवीत भरून, चिठ्ठी लावून लॅबला जाते. किस्से सीटखालीच राहतात.

त्या दुष्काळी वर्षी लातूर-नांदेड भागात आम्ही तिघं फिरत होतो. बिराजदार सर, ड्रायव्हर अन्वरभाई आणि मी. उपग्रहाच्या चित्रात मातीचा किंवा पिकाचा रंग संशयास्पद दिसला की सर तिथे लाल ठिपका द्यायचे. आम्ही तिथली माती उकरून, विषारी धातू आहे का ते तपासायला पाठवायची.

*

शिरूर अनंतपाळजवळ जीपीएस घेऊन बांधावर उभे राहिलो, तर माणसं जमली. तेव्हा नवा जिल्हा होणार अशी हवा होती. "साहेब, हद्द आमच्या गावाच्या पल्याडून घ्या," एक आजोबा म्हणाले. सरांनी उपग्रहापासून सगळं समजावलं. आजोबांनी मान डोलवत ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बरं. पर पल्याडूनच घ्या."

*

बाकीच्यांना वाटायचं, आम्ही पाणी शोधतोय. एकानं लॅपटॉपवरच्या लाल ठिपक्यावर बोट ठेवलं. "हितं बोअर मारू का?"

"अजिबात नको!" सर ओरडले.

दुसऱ्या दिवशी तिथे बोअरची गाडी उभी. गावाचा हिशोब सरळ होता: साहेब लपवायलेत, म्हणजे पाणी लई असणार.

*

चाकूरकडे चित्रात गंगाबाईंचं रान अख्खं लाल, शेजारचं साफ. सर चक्रावले. "मावशी, रानात काय घातलं?"

"तळ्यातला गाळ. तळं आटलं तवा टरॅक्टरनं वढला. सोनं हाय सोनं."

तळ्याच्या वरच्या अंगाला जुन्या बॅटऱ्या फोडायचा धंदा चालायचा. म्हणजे शिसं. सरांचा चेहरा उतरला. विहिरीच्या उरल्यासुरल्या पाण्यावर मेथीचा एक वाफा होता आणि गंगाबाईंची चार वर्षांची नात बांधावर बसून ती कच्चीच खात होती.

रिपोर्टशिवाय बोलायचं नाही, हा आमचा नियम. तो पाळला.

*

निघताना गंगाबाईंनी जुन्या लुगड्याच्या चिंधीनं बांधलेली मेथीची जुडी जीपमध्ये ठेवली. दुष्काळात हिरवी भाजी, नको कसं म्हणणार? पुढच्या दोन खेपांनाही तेच. गाव सुटलं की अन्वरभाई ओढ्याजवळ जीप थांबवायचे, मी जुडी खाली कोरड्या पात्रात टाकायचो.

चौथ्या खेपेला रिपोर्ट हातात होता. वाटभर सर वाक्यं जुळवत होते. पोचलो तर वाफा मोकळा, मेथी उपटून बांधाला ढीग लावलेला.

"मावशी, रिपोर्ट आलाय," सर म्हणाले.

"राहू द्या." गंगाबाईंनी तीन वाळक्या जुड्या पुढे ठेवल्या. चिंध्या तशाच होत्या. "शेरडं घेऊन गेले, तर वड्यात घावल्या. साहेब, पहिली जुडी टाकलाव, त्या दिशी माझी नात तुमच्या म्होरंच मेथी खात हुती."