मागच्या सीटचं माप

टेपकाकांच्या गळ्यात कायम मापाची टेप असायची, म्हणून ते टेपकाका. धंदा शिलाई मशीन दुरुस्त करण्याचा. स्वतः त्यांनी जन्मात एक टाका घातला नव्हता, पण दिवसभर शिंप्यांत बसून बसून वाण नाही पण गुण लागला. दिसेल त्या वस्तूला टेप लावायची. घरात नवी उशी आली तरी आधी माप आणि मग डोकं.

त्यांच्या मोटरसायकलवर तेवीस वर्षं एकच व्यवस्था चालत आली होती. पुढे काका, मागे काकू आणि काकूंच्या मांडीवर काकांची पिशवी. पेचकस, पक्कड, तेलाची बाटली, सुया, पट्टे, सुट्या भागांचे डबे, रेनकोट, जेवणाचा डबा असं सगळं दुकान त्या पिशवीत असे. काकू एका शाळेच्या ग्रंथालयात कामाला होत्या. काका त्यांना शाळेपाशी सोडत, पिशवी मागच्या सीटवर दोरीने बांधत आणि पुढच्या कामाला जात.

शाळेचा रस्ता वीस मिनिटांचा. तेवढ्यात काकू मागून त्यांच्या कानात दिवसाची कामं सांगत. कोणाच्या मशीनचा दोरा तुटतोय, कोणाचा पट्टा सैल झालाय, कोणाकडे दुपारनंतरच जायचं. गिऱ्हाइकांचे फोन काकूच घेत आणि सगळं डोक्यात ठेवत. काकांना मशीनमधला केसाएवढा दोष दिसे, पण ते मशीन कोणाच्या घरी आहे हे काही केल्या आठवत नसे. कामं सांगून झाली की मग मुलीचं, सासूबाईंच्या दुखण्याचं, शेजाऱ्यांचं निघे. घरी आलं की टीव्ही, कुकर आणि मुलीचं सतत फोनवर बोलणं यांतून दोघांना बोलायला सवड मिळत नसे. खरा संसार चालला होता तो या वीस मिनिटांत.

मग काकूंचं मनगट दुखायला लागलं. तुम्ही जड काय उचलता, असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा त्यांनी काकांकडे बोट दाखवून ‘यांचं दुकान’ असं उत्तर दिलं. डॉक्टरांनी वजन धरणं बंद करायला सांगितलं. काकांना फार वाईट वाटलं. इतकी वर्षं आपलं ओझं हिच्या हातात होतं आणि आपण एकदाही विचारलं नाही, हे त्यांच्या मनाला लागलं. पण तसं बोलून दाखवतील तर ते टेपकाका कसले? त्यांनी टेप काढली आणि पिशवीतल्या एकेका वस्तूचं माप घेऊन यादी केली. सतरा कलमं झाली.

यादी घेऊन ते गाडीच्या सामानाच्या दुकानात गेले. दुकानदाराने आधी टाकीवर बसणारी, लोहचुंबकाची पिशवी दाखवली. ती छान बसली, पण काकांचं पोट आधीच तिथे राहायला होतं. दोघांचं पटेना. मग आल्या दोन बाजूंना लोंबणाऱ्या जाड कापडी पिशव्या. काकांनी घरून स्वयंपाकाचा तराजू आणला होता. एकीकडे हत्यारं आणि दुसरीकडे डबा-रेनकोट टाकला की पारडं साफ एका बाजूला जाई. शिवाय एक पिशवी सायलेन्सरच्या अंगावर येत होती. जेवण गरम राहील, असं दुकानदार म्हणाला. तर काकांनी रेनकोट वितळेल त्याचं काय ते विचारलं. असं अकरा दिवस चाललं. बाराव्या दिवशी काका समोरून येताना दिसताच दुकानदाराने शटर अर्धं खाली ओढलं. काका वाकून आत आले.

शेवटी कॅरियरवर बसवायची, कुलूप असलेली टणक पेटी पसंत पडली. सतराच्या सतरा वस्तू आत मावल्या आणि वर दोन बोटं जागा उरली. काकांचा जीव भांड्यात पडला. शनिवारी पेटी बसवून घेतली, यादी झाकणाच्या आतून चिकटवली, दोन फेऱ्या मारून पाहिल्या. माप चोख होतं. फक्त ते घेताना मागची सीट रिकामी होती.

सोमवारी सकाळी काकूंनी पेटी पाहिली आणि त्या हरखल्या. झाकण उघडलं, यादी वाचली, परत लावलं. मग बसायला गेल्या, तर पेटीची कड पाठीत रुतली. त्या पुढे सरकल्या, म्हणून काका पुढे सरकले. काका जवळजवळ टाकीवर आणि काकू काकांच्या जागेवर, अशी वरात निघाली. पहिल्याच गतिरोधकाला काकूंनी गाडी थांबवायला लावली आणि त्या उतरल्या.

“पेटी छान आहे,” त्या म्हणाल्या. “एकट्या माणसाची आहे. यादीत सुयासुद्धा आहेत, मी नाही.”

आणि त्या बसथांब्याकडे चालू लागल्या. अति शहाण्याचा बैल रिकामा म्हणतात तो असा. काकूंसाठी आणलेल्या पेटीपायी काकूच गाडीवरून उतरल्या.

चार दिवस काकू बसने गेल्या. काकांनी पहिल्या दिवशी ब्लँकेटच्या कारखान्यातली जाडजूड सुई तान्ह्या बाळांची झबली शिवणाऱ्या बाईंकडे नेली. दुसऱ्या दिवशी घर बरोबर गाठलं, पण वार चुकला. तिसऱ्या दिवशी तर एक धडधाकट मशीन पुरतं खोलून, पुसून, तेल घालून परत जोडलं, तेव्हा घरमालकीण म्हणाली की बिघडलंय ते तिच्या बहिणीचं. काकूंना फोन करून विचारता आलं असतं, पण चूक आपली आणि फोनही आपणच करायचा, हे काकांना जड जात होतं. चौथ्या दिवशी सिग्नलला उभे असताना बहिणीच्या मशीनची गंमत सांगायला त्यांनी मान मागे वळवली. मागे पेटी होती. काका एकदम एकटे पडले.

संध्याकाळी त्यांनी गाडी अंगणात मधल्या स्टँडवर लावली आणि काकूंना खाली बोलावलं.

“बस जरा,” ते म्हणाले. “माप घ्यायचंय.”

“तेवीस वर्षांनी?”

काका टेपशी चाळा करत राहिले. वरच्या खिडकीत मुलगी येऊन उभी राहिली, शेजारच्या खिडकीतही दोन डोकी आली.

“चुकलं माझं,” काका म्हणाले. “पेटी बसते का ते पाहिलं, तू बसतेस का ते पाहिलंच नाही. तू नसलीस की मला नुसती गाडी चालवता येते गं, बाकी काही जमत नाही.”

काकूंनी सीटवर बसून पाठ ताठ केली.

“नीट घ्या,” त्या म्हणाल्या. “पोट आत घेतलेलं नाही मी.”

चार बोटं कमी पडत होती. वेल्डरने लोखंडी पट्ट्या जोडून, खालून टेकू देऊन पेटी चार बोटं मागे नेली. पाठ टेकायच्या बाजूला काकांनी स्पंज लावला आणि त्यावर रेक्झिनची खोळ चढवली. ती खोळ त्यांनी स्वतः मशीनवर बसून शिवली. आयुष्यातलं पहिलंच शिवणकाम ते. शिवण एका कडेवरून निघून दुसऱ्या कडेला पोहोचली होती. टाके वाकडे आहेत, असं काकूंनी लगेच दाखवून दिलं. मशीनचा काही दोष नाही, असं काका म्हणाले.

सोमवारी काकू बसल्या. पाठ टेकली. हात मात्र मांडीवर नुसते पडून होते. तेवीस वर्षं ते पिशवीला धरून बसले होते, आता त्यांना काम उरलं नव्हतं. गतिरोधक आला, गाडी उडाली, आणि काकूंचा हात काकांच्या खांद्यावर आला. गतिरोधक गेला तरी तो तिथेच राहिला.

काकू कामं सांगू लागल्या. आधी ब्लँकेटचा कारखाना, तिथे जाड सुई. मग झबल्यांच्या बाई, तिथे बारीक.

“परत सांग,” काका म्हणाले.

त्यांनी परत सांगितलं. काकांनी तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा लक्ष कुठे आहे तुमचं, म्हणून काकूंनी खांद्यावर चापट मारली. चौकात शाळेकडे उजवीकडे वळायचं होतं. काका डावीकडे, तळ्याला वळसा घालून जाणाऱ्या लांबच्या रस्त्याला वळले. आणि सगळं डोक्यात ठेवणाऱ्या काकूंनीही रस्ता चुकला असं त्यांना सांगितलं नाही.