जिन्यावरचं गणित

आमच्या वर्सोव्याच्या शाळेत चौथीला असताना आम्ही सहा जण जिन्यावर बसायचो. आता नववीत आले, तरी कुणी जुनं भेटलं की एक किस्सा निघतो, त्याला दुसरा चिकटतो आणि घरी जायला उशीर होतो. त्या गप्पांत मी बोलत नाही, नुसती ऐकते. म्हणून लिहून ठेवतेय.

जिन्यावर का, तर आमच्या कुडाळकर बाईंच्या डोक्यातून निघालेली ती आयडिया. चौथीतल्या ज्यांना गणित पटापट येतं, त्यांना सातवीचं गणित शिकवायचं! पण शाळेत रिकामी खोली नव्हती. मग जिन्याच्या मधल्या वळणावर फळा टेकवला. तिथे दुपारीही अंधार.

हेडसरांना हे मुळीच पसंत नव्हतं. "बाई, साय तुम्ही काढून घेतलीत. आता खालचं दूध पातळच राहणार. चौथीचा रिझल्ट कोण सांभाळणार?"

बाई म्हणाल्या, "साय नाही काढत सर, विरजण लावतेय."

"बघू! गेल्या वर्षी गणितात तिघं नापास होती. यंदा एक जरी झालं ना, तर जिना रिकामा करायचा."

बाईंनी त्याच दिवशी आम्हा सहा जणांना सांगून टाकलं, "वर बसायचं असेल, तर खालच्या वर्गातलं एकेक मूल तुमच्या अंगावर. ते नापास, तर तुम्ही खाली!"

* * *

जिन्यावरून सातवीची मोठी मुलं आम्हाला ओलांडून जायची. त्यातला एक रोज नेमका आमच्या फळ्यासमोर वाकायचा आणि बुटाची नाडी बांधत बसायचा. आठवडाभर हे चाललं. शेवटी आमच्यातली वैजू म्हणाली, "दादा, गणित उतरवायचं तर खुशाल उतरवा. पण नाडी कसली बांधताय? तुमच्या पायात चप्पल हाय!"

दुसऱ्या दिवसापासून तो वही उघडी धरून उभा राहायला लागला. वैजू त्याच्या चुकाही काढायची.

* * *

वैजूला 'क्ष' शिकल्याचा फार गर्व. जे माहीत नाही त्याला क्ष मानायचं, हे तिला एकदम झकास वाटलं. घरी पाहुणे येणार होते. आईने भाकऱ्या थापता थापता विचारलं, "किती जन येतायत गो?"

"क्ष मान."

आई म्हणाली, "मानला. आता क्षच्या पानात तुझी भाकरी वाढते. तू बस उत्तर काढत!"

* * *

आमच्यातल्या दिनेशच्या वडिलांची होडी होती. एकदा बाईंनी नावेचं गणित घातलं. नाव ताशी इतके किलोमीटर जाते, प्रवाह उलटा ताशी इतका, तर खाडीतून आत यायला किती वेळ लागेल? आम्ही सगळे वजाबाक्या करत होतो. दिनेश पेन्सिल खाली ठेवून बसला.

"काय रे, येत नाही?"

"येतं ना बाई. पण ओहोटीच्या पाण्यात उलटं मारायचं कशाला? भरतीची वाट बघायची. पाणीच आत नेतं."

"म्हणजे उत्तर किती?"

"सहा तास. चहा पिऊन."

बाईंनी त्याला अर्धे मार्क दिले. चहाचे.

* * *

माझ्या अंगावर आली कमळी. दोन वर्षं चौथीत नापास झालेली, माझ्याहून हातभर उंच, शेवटच्या बाकावर भिंतीला टेकून बसणारी. मी तिच्याशी बोलायला घाबरायचे, म्हणून पाटीवर लिहून दाखवायचे.

पहिल्या दिवशी ती ओरडली, "अगो, तोंडात मिठाची गुळणी धरलीस काय?"

तिचं प्रत्येक उत्तर चुकायचं. सोळा साते छप्पन्न. अठरा नव्वे एक्क्याऐंशी. बाकीचे हसायचे. मला मात्र काहीतरी खटकत होतं. घरी जाऊन मी तिच्या सगळ्या चुका एकाखाली एक लिहून काढल्या. सगळी उत्तरं बरोबर निम्मी!

रविवारी तिच्या घरी गेले. किनाऱ्यावर बांबूंच्या मांडवात कमळी दोरीवर बोंबील वाळत घालत होती. दोन बोंबील घ्यायचे, एकाचा जबडा दुसऱ्यात अडकवायचा आणि जोडी दोरीवर टाकायची. तोंडाने मोजणं चालूच, "एक, दोन, तीन..." सोळा बोंबील टाकले, तेव्हा ती आठवर होती.

मी पाटीवर लिहिलं : १ जोडी = २.

कमळीने पाटीकडे बघितलं, दोरीकडे बघितलं. मग कमरेवर हात ठेवून म्हणाली, "मंग हे आदी नाय सांगायचं कोनी? दोन वर्सं फुकट गेली ना माजी!"

* * *

वार्षिक परीक्षेत लेखी गणितात अख्खी चौथी पास झाली. फक्त कमळीला दोन मार्क कमी पडले. तोंडी परीक्षा बाकी होती आणि ती घ्यायला वॉर्डाचे साहेब आले होते. बाईंनी सकाळपासून पाणीसुद्धा घेतलं नव्हतं.

साहेबांनी आधी मला उभं केलं. सोप्पा प्रश्न होता, पण मी फळ्याकडेच बघत राहिले. साहेब वहीत काही लिहिणार, एवढ्यात मागून आवाज आला, "साहेब, ती बोलनार नाय. खडू द्या तिला."

खडू मिळाला. मी फळ्यावर उत्तर लिहिलं.

साहेब मागे वळले. "तू कोण गं मध्ये बोलणारी?"

कमळी उठून उभी राहिली. "ती माजी मास्तरीन हाय."

वर्ग हसला. साहेब हसले नाहीत. "असं? मग सांग. एका दोरीवर चोवीस बोंबील. अशा पंधरा दोऱ्या. एकूण किती?"

कमळीने छताकडे बघत ओठ हलवले.

"एकशे ऐंशी."

बाईंनी डोळे मिटले. हेडसर खिडकीबाहेर बघायला लागले. माझ्या हातातला खडू मोडला.

"...जोड्या," कमळी म्हणाली. "तुमाला सुटे पायजेत ना? तीनशे साठ. पन साहेब, बोंबील सुटे कोन मोजतो?"

साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं, वही मिटली आणि ते उठले. दारापर्यंत गेल्यावर थांबून हेडसरांना म्हणाले, "तुमच्या त्या जिन्यात फार अंधार आहे हो. एक दिवा लावून घ्या."