नवमीला राहिलेले बोल्ट

रंगवून झाकलेल्या कामाची मला शिसारी आहे. कुणी गाडी घेऊन आला आणि ‘आधी रंगाचं बघा’ म्हणाला, की अजूनही मी त्याला दारातूनच परत लावतो. बायको म्हणते, तुमचा स्वभावच कडू. असेल. पण त्याला कारण आहे, आणि ते सांगताना मी स्वतःला वगळणार नाही.

बहात्तरच्या दुष्काळाआधी एखादं वर्ष असेल. मी नगरला एका गॅरेजात मिस्त्री होतो. राहात्याकडचा एक बागायतदार लष्कराच्या लिलावात घेतलेली फोर-व्हील जीप घेऊन आला. सोबत त्याच लिलावातलं एक विंच. विंच म्हणजे तारेचा दोर गुंडाळलेलं लोखंडी रीळ. इंजिनाच्या जोरावर ते फिरलं की रुतलेली गाडी ओढून निघते. पाटाच्या पाण्यानं भिजलेल्या काळ्या रानात उसाचे ट्रक कायम रुतायचे, तेव्हा कल्पना वाईट नव्हती. माणूस वाईट होता. तोंडात सदा पान, बोलताना अंगावर शिंतोडे, आणि पिंक टाकायला माझ्या हत्यारांच्या पेटीमागचा कोपरा. रोज सकाळी तो कोपरा मी धुवायचो.

मी म्हणालो, “पुढच्या बंपरवर बसवू, सोपं जाईल.” तो हसला. “मिस्त्री, बैल कदी वज्याकडं तोंड करून वढतो का? वजं मागंच पायजे.” एवढं एक वाक्य त्याचं मला आवडलं होतं. विंच मागे बसवायचं ठरलं.

मागे बसवणं म्हणजे खटाटोप. गिअरबॉक्सपासून मागच्या टोकापर्यंत चेसिसखालून फिरता दांडा न्यायचा, तो कुठे घासत नाही ना ते पाहायचं, मग मागच्या आडव्या पट्टीवर चार बोल्ट मारून विंच बसवायचं. पण ती पट्टी पातळ. नुसती तिच्यावर भिस्त ठेवली तर पहिल्याच ओढीला फाटणार. म्हणून दोन्ही बाजूंना तिरके टेकू देऊन ते चेसिसच्या जाड पट्ट्यांना बोल्टनं आवळायचे. खरा जोर टेकूंनी घ्यायचा असतो. मी टेकू कापले, जागेवर बसतात का ते पाहायला वेल्डिंगचा एकेक टाका मारला, आणि भोकं पाडायचं काम दसरा झाल्यावर करायचं ठेवलं.

तेवढ्यात बागायतदाराचा निरोप आला, लाल रंग मारून ठेवा. आमच्या गॅरेजमालकानं लगेच पेंटर बसवला. मी म्हटलं, काम अर्धं आहे. मालक म्हणाला, “गिऱ्हाईक डोळ्यांनी बघतं, चेसिसखाली शिरत नाही.” संध्याकाळी विंच, टेकू, टाके, सगळं एकसारखं लालभडक. कुठला बोल्ट आहे आणि कुठला नाही, हे कुणाच्या बापाला कळलं नसतं. वरून कीर्तन, आतून तमाशा.

दुसरा दिवस खंडेनवमीचा. सकाळी आम्ही सगळे पाने, हातोडे, ड्रिल रॉकेलनं पुसून पाटावर मांडले, हळदकुंकू वाहिलं, झेंडू घातला. पूजेतलं हत्यार दसरा उजाडेपर्यंत उचलायचं नाही, हा सगळ्या गॅरेजांचा रिवाज. जीप दसऱ्यानंतर न्यायची ठरली होती. बागायतदार नवमीलाच दुपारी ड्रायव्हरला घेऊन हजर. म्हणे, गावात सांगून बसलोय, सीमोल्लंघन याच जीपमधून.

मी मालकाला बाजूला घेऊन सांगितलं, टेकूंना बोल्ट नाहीत. तो पाटाकडे बघत राहिला. “पूजेतला पाना उचलतोस? सणाचं अभद्र करू नकोस. दोन दिवसांनी परत बोलावू.” तासाभराचं काम होतं. देव रागावला नसता. मालकालाही मी जुमानलं नसतं, एरवी कुठे जुमानत होतो? खरी गोष्ट वेगळीच आहे, आणि ती मी आजवर कुणाला सांगितली नाही. मी अंघोळ करून परीटघडीचा पायजमा-सदरा घातला होता. मला गाडीखाली लोळायचं नव्हतं.

मी बागायतदाराला म्हणालो, “थोडं काम राहिलंय, दसरा झाला की आणा.” त्यानं ऐकलं की नाही कोण जाणे, तो त्या लाल रंगावर बोट फिरवत होता. ड्रायव्हरनं मात्र ऐकलं. जामखेडकडचा शांत माणूस. ऊसतोडीला म्हणून इकडे आलेला, ट्रकवाल्यांच्या मागे लागून गाडी शिकला होता, आणि पुन्हा कोयता हातात धरायचा नाही एवढं एकच त्याच्या मनात होतं. त्यानं खाली वाकून बघितलं. “मिस्त्री, वढायला काई अडचन न्हाई ना?”

मालक माझ्याकडे बघत होता. बागायतदार बघत होता. मी म्हणालो, “नाही.”

दसऱ्याला दुपारी जे झालं ते मला तिसऱ्या दिवशी कळलं. खरोखर कुणाची गाडी रुतेपर्यंत दम धरवेना, म्हणून त्या शहाण्या बागायतदारानं ट्रॉलीत दगड भरून ती पाटाकडेच्या चिखलात मुद्दाम घातली होती. सगळा गाव गोळा केला. स्वतः फेटा बांधून स्टिअरिंगवर बसला, आणि दोर रिळावर सरळ बसतो का ते बघायला ड्रायव्हरला मागे उभं केलं. ट्रॉली हलेना म्हणून त्यानं इंजिन पिळलं आणि झटका दिला. टाके तुटले, पट्टी फाटली, विंचासकट सगळा दोर उसळून ड्रायव्हरच्या डाव्या पायावर गेला. पाय गुडघ्याखाली तोडावा लागला.

मालकानं हे ऐकलं आणि पहिलं वाक्य काय बोलावं? “आपण सांगितलं होतं ना, काम राहिलंय म्हणून?” मी मान डोलावली. बागायतदार गावभर सांगत सुटला, ड्रायव्हर धांदरट. चोराच्या उलट्या बोंबा. त्यानं फाटलेल्या पट्टीसकट विंच बैलगाडीत घालून परत पाठवलं, नीट बसवून द्या म्हणून. आणि आम्ही ते ठेवून घेतलं.

आठ दिवसांनी मी दवाखान्यात गेलो. सगळं सांगायचं ठरवूनच गेलो होतो. वाटेत दोनदा वाक्यं जुळवली. वॉर्डात फिनेल आणि पुवाचा वास. तो उशीला टेकून बसला होता, बायको खाली फरशीवर. मला बघून त्याचा चेहरा असा खुलला, की मी नुसताच कॉटच्या कडेला टेकलो.

“आमचे बागायतदार मालक आले न्हाईत अजून,” तो म्हणाला. “येतील. कारखाना सुरू व्हायची येळ हाय. तुमी वळख ना पाळख, काम टाकून आलात.”

मी विचारलं, “कसं झालं हे?”

मला माहीत होतं कसं झालं. तरी विचारलं.

“चूक माजीच. मदी उभा ऱ्हायलो. तुमचं काम पक्कं हुतं मिस्त्री, मी वाकून बघितलं हुतं.” मग पांघरुणाखाली जिथे पाय नव्हता तिथे हात ठेवून तो म्हणाला, “डावा गेला. क्लच कसा दाबायचा आता?”

हीच वेळ होती. दोन वाक्यांचं काम. टेकूंना बोल्ट नव्हते, आणि मला ते ठाऊक होतं. मी खिडकीबाहेर बघितलं आणि म्हणालो, “होईल काहीतरी.” स्वतःची एवढी किळस मला त्याआधी कधी आली नव्हती.

त्यानं बायकोकडे बघितलं. “मिस्त्रींच्या पाया पड. देवमानूस हाय.”

ती उठली, पदर सावरून वाकली, कपाळ माझ्या पायांवर ठेवलं. मी पाय मागे घेतले नाहीत.