मावशींचे हात कुठे थांबले

आधी माझी अडचण सांगते. मी कादंबऱ्या लिहिते. म्हणजे नसलेलं रचून सांगणं हाच माझा धंदा. त्यामुळे मी असलं काही सांगायला लागले की समोरचा गालातल्या गालात हसतो आणि म्हणतो, "छान आहे हो, पुढच्या पुस्तकात घ्या." भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. असे अनुभव वाचताना मीही नाक मुरडायचे — गच्चीवर मांजर चाललं असेल आणि यांची गाळण उडाली असेल, दुसरं काय! आता पाळी माझी आहे. तुम्ही खुशाल हसा.

आम्ही मूळचे साताऱ्याचे, पण राहतो लखनौला. माझा नवरा सुधीर सरकारी बँकेत आहे, त्याचं ऑफिस हजरतगंजला. आमचा फ्लॅट निशातगंजच्या बाजारामागे, दुसऱ्या मजल्यावर. मी लेखिका आहे हे इथे कुणाच्या गावीही नाही. भाजीवाल्यासाठी मी 'बैंकवाली भाभी'. पुस्तकं पुण्यात छापली जातात, जी काही वाचली जातात ती तिकडेच वाचली जातात, आणि मी इथे. एक कादंबरी दुकानात, एक प्रेसमध्ये, एक अर्धवट टेबलावर... वर्षानुवर्षं हेच चाललंय. सकाळी नव्या खर्ड्यातल्या माणसाला मरणाच्या दारात नेऊन ठेवायचं आणि दुपारी लिपस्टिक लावून जुन्या पुस्तकाबद्दल फोनच्या कॅमेऱ्यासमोर हसायचं. कारण संपादक मेधाचा मेसेज आलेला असतो — "वंदनाताई, एक रील टाका ना."

या सगळ्यात मला एकच श्रोता होता. समोरच्या फ्लॅटमधल्या कुसुममावशी. नात्याने कुणी नव्हे, पण परक्या गावात मराठी बोलणारी बाई भेटली की ती मावशीच होते. त्या नागपूरच्या. यजमान रेल्वेत इंजिनिअर होते, रिटायर होऊन इथेच राहिले आणि इथेच गेले. मुलगा अभय बंगलोरला कंपनीत. काचबिंदूने मावशींची नजर गेली होती, त्यामुळे वाचन बंद. अभयला मराठी समजायचं, पण तो बोलायचा हिंदीतच. फोन स्पीकरवर असायचा म्हणून मला पाठ झालंय — "हाँ मम्मी, अगले महीने पक्का." तो पुढचा महिना काही उगवायचा नाही.

माझी पद्धत अशी की खर्डा पुरा झाला की थंडीत, दुपारी, मावशींच्या बाल्कनीतल्या उन्हात बसून तो मोठ्याने वाचायचा. त्यांच्या मांडीवर स्टीलची परात आणि शेजारी मटारच्या शेंगांची पिशवी. इथे थंडीत घरोघरी मटार किलोकिलोने येतो, रोज निमोना, म्हणजे वाटलेल्या मटारची आमटी, नाहीतर तहरी, म्हणजे मटारभात. दिसत नसूनही मावशी भराभर सोलायच्या. शेंग फुटल्याचा बारीक आवाज, मग दाणे परातीत टपटप. मी वाचायचे, त्या सोलायच्या. आणि मध्येच कुठेतरी त्यांचे हात थांबायचे.

जिथे हात थांबले तिथे मी पेन्सिलने खूण करायचे. "पुढे वाच," एवढंच त्या म्हणायच्या. घरी येऊन बघावं तर तो भाग हमखास खोटा निघायचा. लेखिकेने पाहिजे म्हणून घडवून आणलेला. मी तो काढून टाकायचे. एकदा न राहवून विचारलंच, "मावशी, तुम्हाला कसं हो कळतं?"

"मला काय कळून राहिलं त्यातलं? हात थांबले, बस. तू वाच नं."

गेल्या थंडीत मी त्यांना नवी कादंबरी वाचून दाखवत होते. तिच्यात मुलाची वाट बघणारी एक म्हातारी आहे. कुणावरून घेतलीय हे मावशींच्या लक्षात आलं नसेल असं मी म्हणणार नाही. पण संबंध वाचनात त्यांचे हात एकदाही थांबले नाहीत. फक्त शेवटचं प्रकरण लिहायचं राहिलं होतं. "तो येते का नाही शेवटी?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "अजून ठरवलं नाही." त्या म्हणाल्या, "लिहून आण, मग ऐकू."

ते ऐकायचं राहून गेलं. जानेवारीत, दाट धुक्याच्या दिवसांत, मावशी दुपारी झोपल्या त्या उठल्याच नाहीत. अभयची फ्लाइट धुक्याने रद्द झाली, मग दुसरीही. अग्नी सुधीरने दिला. अभय आला तेव्हा सगळं आटोपलं होतं. दाराशी उभा राहून तो म्हणाला, "आंटी, मैं तो अगले हफ्ते आ ही रहा था." मला त्याचा राग यायला हवा होता, पण तोही आला नाही. सगळंच निरर्थक वाटत होतं.

नंतर मी शेवटचं प्रकरण लिहिलं. तो येत नाही, असाच शेवट माझ्या मनात होता. पण हात धजावेना. प्रत्यक्षात नाही तर नाही, निदान कागदावर तरी त्या बाईचा मुलगा येऊ दे... असं वाटलं आणि मी त्याला आणला. म्हातारी चहा टाकते, बेल वाजते, दारात तो. मावशींसाठी मला करता येण्यासारखं तेवढंच होतं. मेधाचा लगेच फोन आला — "वंदनाताई, काय शेवट आहे! रडले मी." पुस्तक छापायला गेलं.

जूनमध्ये मेधाने सुचवलं की शेवटचं प्रकरण माझ्याच आवाजात रेकॉर्ड करून पाठवा, प्रमोशनला वापरू. छोटा माइकही पाठवला. मी दुपारी बेडरूममध्ये बसले. दारं-खिडक्या बंद, पंखा बंद, एसी बंद, खिडकीवर रजई टांगलेली. घामाने निथळत होते. सुधीर ऑफिसात, घरात दुसरं कुणी नाही. समोरच्या फ्लॅटला जानेवारीपासून कुलूप. मी एका दमात वाचलं. वाचताना मला माझ्या आवाजाशिवाय काहीही ऐकू आलं नाही, हे मी कुठेही शपथेवर सांगेन.

दुसऱ्या दिवशी पुण्याहून निखिलचा फोन. तो मेधाच्या ऑफिसात साउंडचं काम बघतो. "मॅडम, रेकॉर्डिंगच्या वेळी किचनमध्ये कुणी होतं का? मागे सारखं काहीतरी स्टीलच्या भांड्यात पडतंय."

मी हेडफोन लावून फाइल ऐकली. माझा आवाज... आणि त्याच्या मागे, लांब नाही, अगदी माझ्या गुडघ्यापाशी असावा तसा — शेंग फुटल्याचा बारीक आवाज, मग टपटप. पुढची शेंग, पुन्हा टपटप. जून महिना हो. बाजारात मलिहाबादचे दसहरी आंबे यायला लागले होते, पण ताज्या मटारची शेंग शोधून मिळाली नसती. मी घाबरले का? नाही. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. डोळे भरून आले. वाटलं, आल्या ऐकायला.

म्हातारी चहा टाकते तिथपर्यंत हात चालू होते. मग मी वाचलं, "बेल वाजली." आणि आवाज थांबला.

मी वाट बघत राहिले. पूर्वी खोटा भाग सरला की हात पुन्हा सुरू व्हायचे. इथे मी वाचत होते, मुलगा आत येत होता, पाया पडत होता, रडत होता... आणि मागे काहीही नाही. कादंबरी संपली तरी नाही.

त्याच संध्याकाळी मी मेधाला फोन केला. म्हटलं, "शेवट बदलायचाय."

"आत्ता? अहो ताई, बाइंडिंगला गेलंय पुस्तक. आणि का बदलायचा? त्या शेवटावरच तर पुस्तक चालणार आहे."

निखिलने काय करावं? त्याला शेवटची पानं 'एकदम क्लीन' मिळाली होती. प्रोमोसाठी त्याने नेमका तेवढाच भाग घेतला. बेल वाजते तिथून पुढे. लोकांनी तो ऐकला, खाली हृदयाची चित्रं टाकली.

सुधीरने फाइल ऐकली. आवाज त्यालाही आला, तेव्हा मला भास झाला असं म्हणायची सोय नाही. "शेजारच्यांच्या एसीचं पाणी पत्र्यावर पडत असेल गं," तो म्हणाला. मी शेजाऱ्यांना एसी लावायला सांगून त्याच खोलीत पुन्हा रेकॉर्ड केलं. काही नाही. वरच्या मजल्यावर विचारून आले. काही नाही. पाणीच होतं असं घटकाभर धरलं, तरी पाण्याला कादंबरीतलं काय कळतं? सुधीरने हेडफोन काढून ठेवला. आता तो विषय काढत नाही.

मग मी पुढच्या कादंबरीचा खर्डा घेऊन त्याच खोलीत बसले, माइक लावला, वाचलं. खरं सांगते, आशेने वाचलं. नंतर फाइल ऐकली. पहिल्या वाक्यापासून नुसता माझा आवाज. हात थांबायला आधी सुरू तर व्हायला हवेत. तो खर्डा मी तसाच ठेवून दिलाय. कोणतं वाक्य खरं आणि कोणतं खोटं, मला एकटीला आता कळत नाही, आणि पुढे कळेल असंही वाटत नाही.

हे काय होतं, कशामुळे झालं, याचं उत्तर माझ्याकडे नाही. कुणी म्हणेल मावशी होत्या. असतील, मला माहीत नाही. हे कुणाला सांगणारही नव्हते. पण पुस्तक दुकानांत येऊन महिना झाल्यावर पुण्यात त्याचा कार्यक्रम झाला, तिथला प्रसंग मनातून जात नाही, म्हणून लिहितेय.

भाषणं झाली, मी शेवटची पानं वाचली, टाळ्या पडल्या. मग सह्यांच्या रांगेत एक सत्तरीच्या बाई आल्या. सुती साडी, हातात पुस्तक, आत बोट घालून शेवटचं पान धरलेलं. म्हणाल्या, "सही इथे करा, शेवटी. माझा मुलगा कॅनडाला असतो. बरीच वर्षं झाली, फोनही कमीच करतो आता. मी धरून चालले होते की हा काही येत नाही. तुमचं पुस्तक वाचलं आणि त्याची खोली झाडून घेतली, गादीला ऊन दाखवलं." मग जरा वाकून, हळू आवाजात त्यांनी विचारलं, "तुम्ही एवढं लिहिलंय, तुम्हाला कळत असेल. येईल ना हो?"

मागे रांग खोळंबली होती. मेधा घड्याळ बघत होती.

"येईल," मी म्हटलं, आणि सही केली.