फळा सकाळीच लावायचा

सुजाताचा फोन आला तेव्हा मी शाळेत सातवीच्या मुलींकडून प्रार्थना बसवून घेत होते. "मंगलताई, पप्पा गेले," एवढंच ती म्हणाली. मी बरं म्हटलं, फोन ठेवला आणि तास पूर्ण केला. पेटीवर बोटं चालत होती, मुली गात होत्या, दोघी नेहमीप्रमाणे बेसूर होत्या, त्यांना मी नेहमीप्रमाणे टोकलंही. नंतर रिक्षात बसल्यावर रडू येईल असं वाटलं होतं, पण आला तो थकवा. गंगापूरहून एसटीत उभ्यानं आल्यावर येतो तसा, पोटऱ्यांतून वर चढत जाणारा. सहा आठवडे झाले, तो अजून उतरलेला नाही.

सुजाताचे पप्पा म्हणजे कचरूमामा. नाट्यगृहाच्या तिकीट खिडकीत बसायचे. या शहरात ज्यांनी खिडकीवर उभं राहून नाटकाची तिकिटं काढली, त्यांनी मामांना पाहिलेलं असणार, निदान त्यांचे हात तरी. जाळीच्या खालच्या फटीतून आसनांचा नकाशा पुढे सरकवणारे, नखांत जुना रंग अडकलेले हात. खिडकीत बसायच्या आधी ते दुकानांच्या पाट्या रंगवायचे. त्या नकाशाला सगळे 'प्लॅन' म्हणायचे. विकलेल्या खुर्चीवर मामा लाल पेन्सिलीनं फुली मारायचे, आणि तिकीट परत आलं की खोडरबरनं ती इतकी सावकाश पुसायचे की परत करणाऱ्यालाच अपराधी वाटावं.

शेवटची भेट झाली ती ते जाण्याच्या पंधरा दिवस आधी, मुकुंदवाडीच्या त्यांच्या घरी. दारापाशी खाटेवर पडून होते. मला ओळखलं, मग मधूनच म्हणाले, "बाई येनार हायेत का आज?" मी म्हटलं, मामा, आज प्रयोगच नाही. त्यावर जरा वैतागून म्हणाले, "मग तसं लिव्ह की."

तर आता लिहायला बसले आहे...

बाई म्हणजे आमच्या नाटकाच्या नायिका. नाव लिहीत नाही. त्यांनी आता रंगभूमी सोडली आहे आणि माझं त्यांच्याशी भांडणही नाही. पुण्याच्या एका कंपनीचं संगीत नाटक होतं, गाणी खूप, आणि बाई तेव्हा मालिकेमुळे घरोघरी पोचलेल्या. मराठवाड्यातल्या प्रयोगांसाठी कंपनी मागचं समूहगान इथल्याच मुलींकडून करून घ्यायची, आणि त्या मुलींत मी होते. ते मामांमुळेच. मी चितेगावहून शेअर जीपनं कॉलेजला यायची. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं, कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, बी.ए. झालेलीही पहिलीच. हे मी फार सांगते असं काही जण म्हणतात. सांगते. जीपच्या भाड्यातून वाचवून मी बाल्कनीचं तिकीट काढायची आणि तेच नाटक पुन्हा बघायची. तिसऱ्या की चौथ्या वेळी मामांनी जाळीतून विचारलं, "काहून गं, तेच तेच काय बघती?" मी म्हटलं, गाणी पाठ करते. तर म्हणाले, "म्हणून दाखव." मागं पाचसहा माणसं उभी होती. मी म्हणून दाखवलं. मामांनी तिकीट दिलं आणि मागच्या माणसाला म्हणाले, "थांबा जरा, तुमचं बी देतो. तुमी फुकटात ऐकलं की."

खिडकीत बसून मामांना जे कळलं होतं ते मला पुढे कुठल्या पुस्तकात सापडलं नाही. ते म्हणायचे, गिऱ्हाइकाचा पहिला सवाल ऐकायचा. "कोण आहे?" विचारणारा पुढच्या रांगेचं तिकीट घेतो, "काय आहे?" विचारणारा बाल्कनीचं. बाई येणार नाहीत अशी आवई उठली की प्लॅन पुढून पांढरा व्हायला लागायचा. आधी पहिल्या रांगा, मग मधल्या. सहकुटुंब आलेले एकदम पाच फुल्या घेऊन जायचे. बाल्कनी शेवटपर्यंत लाल राहायची. "पुढचे माणसाला बघाया येतेत, वरचे नाटकाला," असं त्यांचं म्हणणं. पण त्यात तुच्छता नव्हती. बाईंसाठी आलेला माणूसही त्यांना तितकाच खरा वाटायचा. त्याला बाई हव्यात, बाई नसतील तर त्याला ते घरून निघायच्या आत कळलं पाहिजे, एवढंच.

म्हणून तो फळा. हार्डबोर्डाला काळा रंग देऊन मामांनी स्वतः केलेला. त्यावर पांढऱ्या ऑइलपेंटनं कायमची अक्षरं: 'आज', पुढे रिकामी जागा, 'नाहीत. त्यांच्या जागी', पुन्हा रिकामी जागा, आणि खाली ठसठशीत, 'प्रयोग ठरल्या वेळी होईल.' रिकाम्या जागा खडूनं भरायच्या. मुख्य नट येणार नसला की मामा सकाळी खिडकी उघडायच्या आधी तो फळा बाहेर टांगायचे. कंपन्यांचे मॅनेजर त्यावरून त्यांच्याशी भांडायचे. बाकी सगळीकडे रीत अशी की तिसरी घंटा झाल्यावर पडद्यापुढे येऊन सांगायचं, म्हणजे बसलेला माणूस सहसा उठत नाही. मामा म्हणायचे, "तिसऱ्या घंटेनंतर सांगनं म्हंजे दार लावून सांगनं. ते आपल्याला जमनार नाय."

आणि मग तो रविवार. दुपारचा प्रयोग, प्लॅन जवळजवळ मागच्या भिंतीपर्यंत लाल. सकाळी पुण्याहून निरोप आला की बाईंना ताप आहे. त्यांच्या जागी उभी राहणारी मुलगी महिनाभरापूर्वीच कंपनी सोडून गेलेली. मॅनेजर कपाळाला हात लावून बसला होता. मामाच त्याला म्हणाले, "आमच्या चितेगावच्या पोरीला समदं पाठ हाय, संवादासकट." त्यानं माझ्याकडून दोन प्रवेश म्हणून घेतले आणि म्हणाला, चालेल, पण तो फळा आज लागला तर मी गाडी भरून परत जातो.

मामा उठले. खिडकीत जाऊन त्यांनी फळा काढला, बाईंचं नाव लिहिलं, आणि खाली लिहिलं, 'मंगल, चितेगाव'. मी मागेच उभी होते. माझं नाव एवढ्या मोठ्या अक्षरांत मी पहिल्यांदा बघत होते, आणि ते वाचून लोक परत जाणार, हेही मला त्याच क्षणी दिसलं. मॅनेजरच्या धमकीची मला फिकीर नव्हती. मला भरलेलं नाट्यगृह हवं होतं. मी म्हटलं, "मामा, आज नका लावू." ते वळले. मी पुन्हा म्हटलं, "एकच डाव. माझ्यासाठी."

त्यांनी फळा उचलला आणि आतल्या भिंतीला, तोंड आतल्या बाजूला करून, टेकवून ठेवला.

दुपारी पैठणहून एक आजी आल्या, एसटीनं, बरोबर दहाबारा वर्षांची नात. आयुष्य हातमागावर गेलेलं, डोळे अधू. मी आत होते, मला स्पष्ट ऐकू आलं. त्यांनी विचारलं, "बाई हायेत ना व्हो आज? मला दिसत नाय नीट, आवाजासाठी आले." मामांनी आधी प्लॅनवर दोन फुल्या मारल्या, मग म्हणाले, "व्हय. हायेत."

तिसऱ्या घंटेनंतर मॅनेजरनं पडद्यापुढे जाऊन सांगितलं. पुढचं फार लिहिण्यासारखं नाही. खुर्च्या आपटल्याचे आवाज पडद्यामागे येत होते. पहिलं गाणं म्हणताना समोरच्या तीन रांगा माझ्याकडे पाठ करून चाललेल्या मी पाहिल्या. बाकीचे बसले, पण कसे बसले ते गाणाऱ्याला कळतं. मध्यंतरात लोक खिडकीवर गेले. कुणी मामांच्या जाळीवर हात मारले, कुणी चोर म्हटलं. मामा खाली मान घालून फुल्या पुसत होते. सगळे पांगल्यावर त्या आजी नातीचा हात धरून आल्या. त्या ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "पोरगी बरी गाती. पन म्या तुमाला इचारलं व्हतं."

त्यानंतर आठवडाभर मामा माझ्याशी बोलले नाहीत. मग एक दिवस मला खिडकीपाशी बोलावून म्हणाले, "चूक तुजी नाय. तू मागनारच. देनारा मी. पन परत माझ्यापाशी मागू नको." त्या हंगामात बाईंचं चित्रीकरण वाढलं, त्या वारंवार गैरहजर राहू लागल्या आणि त्यांची जागा माझ्याकडे आली. मॅनेजर आपोआप नरमला, कारण त्या रविवारनंतर लोक फळा आहे का ते बघितल्याशिवाय खिडकीपाशी येईनात. पुढच्या वेळी फळा सकाळीच लागला. नाव, गावासकट. मी म्हटलं, निदान गाव तरी काढा, लोक हसतात. म्हणाले, "हसूंदे. कुठून आली ते बी कळूंदे." दुपारपर्यंत प्लॅन पुढून निम्म्याच्या वर पांढरा. मी रिकाम्या खुर्च्यांपुढे गायले आणि नंतर मामांच्या अंगावर गेले, तुम्ही माझ्याच नावानं हॉल रिकामा केला म्हणून. मामा कुलूप लावत होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "आज जेवडे बसले तेवडे तुजं नाव वाचून बसले. त्या दिशी भरल्या हालात तसा येक बी नव्हता."

वाचणाऱ्याला वाटेल की मग हळूहळू गर्दी वाढली आणि मीही कुणीतरी झाले. तसं काही झालं नाही. बाल्कनीत थोडी माणसं वाढली, पुढच्या रांगा पांढऱ्याच राहिल्या, दोन हंगामांनी कंपनीनं नाटक बंद केलं. मी संगीत शिक्षिका झाले. तिकिटं फोनवर निघायला लागली आणि खिडकी नावापुरती उरली. मध्ये एकदा मी सुजाताला घेऊन नाटकाला गेले, तर मुख्य नट बदलल्याचं आत बसल्यावर कळलं. मी मामांना ते येऊन सांगितलं. म्हणाले, "इचारायचं कुनाला? फोनला तोंड कुठंय."

मामांच्या जलदानविधीला बरीच माणसं होती. वंदना झाली, जेवणं चालू होती, तेव्हा पैठणीच्या काठाची पिशवी घेतलेली एक बाई माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, तुम्ही चितेगावच्या मंगल ना. मी ओळखलं नाही. ती त्या आजींची नात होती, आता स्वतः मागावर बसते. तिच्याकडून मला जे कळलं ते मामांनी इतक्या वर्षांत एका शब्दानं सांगितलं नव्हतं. त्या रविवारनंतरच्या सुट्टीच्या दिवशी मामा पैठणला गेले होते. विणकरांच्या गल्लीत विचारत विचारत घर काढलं, आजींसमोर जमिनीवर बसले आणि म्हणाले, "म्या खोटं बोललो." आजींनी पाणी दिलं. त्यानंतर फळ्यावर माझं नाव लागलं की मामा पैठणच्या एसटीच्या कंडक्टरबरोबर निरोप धाडायचे: आज बाई नाहीत, ती पोरगी हाय. "आणि आजी दर वेळी यायची," ती म्हणाली. "बाई असल्या तर नाय यायची. वर बसायची. म्हनायची, हिला ऐकाया दिसायची गरज नाय." मी बाल्कनीकडे कधी नीट बघितलंच नव्हतं. मी पुढच्या रांगा मोजत राहिले.

निघताना सुजातानं फळा माझ्या हातात दिला. घरात पाण्याच्या माठावर टांगलेला असायचा. म्हणाली, नाटक बंद झालं त्या दिवशी पप्पांनी हा घरी आणला, खिडकीसाठी दुसरा केला; याच्यावरचं वरचं नाव पुसलं, खालचं कुणाला पुसू दिलं नाही, तुम्हीच न्या. खडूची अक्षरं इतक्या वर्षांत झडत आली आहेत. 'मंगल' वाचता येतं. 'चितेगाव'मधला 'गाव' अंदाजानंच.

आता तो माझ्याकडे, पेटीच्या वर आहे. काल दुपारी शाळेतून आणलेला खडू घेतला आणि वरच्या रिकाम्या जागेत 'कचरूमामा' लिहिलं. त्यांनी सकाळीच लिहिलं असतं, मला सहा आठवडे लागले. मग मागे सरकून सगळा फळा ओळीनं वाचला, 'त्यांच्या जागी'च्या पुढचं माझं नावही वाचलं, आणि ते खोटं होतं. मी ओलं फडकं आणलं आणि मी लिहिलेलं तेवढं पुसलं. खालचं अक्षर त्यांच्या हातचं आहे. धूळ झटकताना तेवढी जागा मी सोडून देते.